अर्जाच्या कोपऱ्यातली तांबडी खूण

*ताई, मी खानापूर तालुक्यातला. वय ५१. डिप्लोमा झाल्यावर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सात वर्षं काम केलं, मग मस्कतला गेलो, आणि गेली १४ वर्षं शारजात एका फॅब्रिकेशन कंपनीत वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. गेल्या महिन्यात आमचा सेक्शन बंद करतोय म्हणून ६० दिवसांची नोटीस मिळाली. तेव्हापासून रोज अर्ज टाकतोय. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, ‘वय ४० च्या आत’. तीन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. कामाचं सगळं नीट बोलणं झालं, मग जन्मसाल विचारलं आणि ‘कळवू’ म्हणाले. एके ठिकाणी समोरचा पोरगा माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. मला ‘अंकल’ म्हणाला. रूमवरची पोरं म्हणतात, केस काळे करा. मुंबईचा एक एजंट दीड लाख मागतोय, सीव्हीत वय ४३ लिहू म्हणतो. दुसरा कुणी कॅनडाचं बघा म्हणतो. मुलगा बेळगावात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलगी बारावीला. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. वय लपवू का? की सगळं गुंडाळून परत येऊ? आणि आलो तर ५१ व्या वर्षी मला घेणार कोण?*
*— शारजावाला*

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर देण्याआधी एक गोष्ट तुमच्यापुढे कबूल करायला हवी. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी तीस वर्षं होते. मालकांची तोंडी ताकीद होती, पंचेचाळिशीच्या वरचे अर्ज टेबलावर आणायचे नाहीत. मी अर्ज घ्यायचे, जन्मतारीख बघायचे आणि वरच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं बारीक खूण करायचे. खुणेचे अर्ज वेगळ्या फायलीत जायचे, आणि ती फाईल कुणी उघडत नसे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला मी सांगायचे, ‘कळवू’. तुम्ही तीन ठिकाणी ऐकलात तो शब्द मी कितीतरी जणांना ऐकवलाय. त्यांच्या कामात खोट होती म्हणून नव्हे, त्यांचं काम मी बघितलेलंच नसायचं. आज त्याचं वाईट वाटतं. तुम्हाला हे आधी सांगते, कारण रात्री रूमवर पडल्या पडल्या तुम्ही स्वतःतच काहीतरी उणं शोधत असणार. ते शोधू नका. तुमचा अर्ज कुणी वाचलेलाच नाही.

त्या फायलीतला एक अर्ज मात्र मी विसरले नाही. चंदगडकडचा एक टर्नर, वय ४८, मुंबईतली कंपनी बंद पडली म्हणून गावी परतलेला. मी नेहमीसारखी खूण केली. आठ दिवसांनी आमचा फोरमन त्यालाच घेऊन ऑफिसात आला. ‘म्याडम, ह्यांना घ्या की हो. मी ह्यांच्या हाताखाली शिकलोय.’ मालकांनी वय विचारलंच नाही. मशीनवर उभं केलं, एक जॉब काढून बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माणूस कामाला लागला. त्याचा अर्ज तेव्हाही माझ्या फायलीत पडून होता.

ही आठवण सांगायला बरी वाटते म्हणून सांगत नाही. वयाची अडवणूक जास्त करून कागदावर होते. जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही, तिथं तुमच्याबद्दल कळणारी पहिली गोष्ट जन्मसाल असते, आणि ती कळली की पुढचं वाचायची गरज उरत नाही. जिथं तुमचं काम बघितलेला एक तरी माणूस आहे, तिथं जन्मसाल चौथं-पाचवं विचारलं जातं. तुम्ही महिनाभर रोज अर्ज टाकताय म्हणजे रोज त्याच खिडकीपाशी जाऊन उभे राहताय. तो वेळ निम्मा करा.

आता वहीत चाळीस नावं लिहा. कंपनीतली नकोत, कंपनीबाहेरची. तुम्ही पास केलेलं वेल्डिंग ज्यांनी साइटवर उभं केलं ते कॉन्ट्रॅक्टर. गिऱ्हाईकाकडून तपासणीला यायचे ते इंजिनीअर. थर्ड पार्टीचे, म्हणजे बाहेरच्या तपासणी संस्थांचे इन्स्पेक्टर, ज्यांच्याबरोबर तुम्ही रेडिओग्राफीच्या फिल्म बघत बसलात. मस्कतचे जुने साहेब, जे आता कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीत मॅनेजर झाले असतील. तुम्ही एखादी सीम रिजेक्ट केलीत म्हणून ज्याच्याशी वाद झाला आणि नंतर ज्याला ते पटलं, त्याचंही नाव लिहा. असा माणूस तुमच्या शब्दाची किंमत इतरांपेक्षा जास्त जाणतो. रोज तिघांना फोन करा. मेसेज नको, फोनच. ‘माझी नोटीस चाललीय, अमुक तारखेपासून मोकळा आहे, इन्स्पेक्शनचं काम बघतोय’, एवढंच सांगा. लाजायचं कारण नाही. सेक्शन कंपनीनं बंद केलाय.

त्यांना शटडाऊनच्या कामाबद्दल मुद्दाम विचारा. रिफायनऱ्या आणि मोठे प्रकल्प दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा थोड्या दिवसांसाठी इन्स्पेक्टर लागतात, आणि तिथं शिकवत बसायला कुणाला वेळ नसतो. आल्या दिवसापासून काम येणारा माणूस हवा असतो. अशी कामं कायमची नसतात, पण त्यातून नवीन चाळीस नावं मिळतात.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी ते माहीत असलेलं बरं. तिथल्या, यूएईच्या कामगार कायद्यात, म्हणजे २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्यात, भेदभावाला बंदी आहे. पण वंश, रंग, लिंग, धर्म, देश किंवा सामाजिक मूळ आणि अपंगत्व एवढीच कारणं तिथं लिहिली आहेत. वय त्यात नाही. ‘चाळिशीच्या आत’ या ओळीविरुद्ध तक्रार करून तुमच्या पदरात काही पडणार नाही, त्यात दिवस घालवू नका. आपल्याकडेही खासगी कारखान्यानं वय बघून नाकारलं तर दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा नाही. मला हे चीड आणणारं वाटतं, पण तुमच्या हातात आज साठातले जेवढे दिवस उरलेत तेवढेच आहेत.

त्याच कायद्यानं जे दिलंय ते मात्र एक दिरहमही सोडू नका. काढून टाकण्याची नोटीस कंपनीनं दिली असेल तर नोटिशीच्या काळात आठवड्यातून एक दिवस, बिनपगारी, नोकरी शोधायला सुट्टी घेता येते. तीन दिवस आधी कळवायचं. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांना दरसाल २१ दिवस आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांच्या मूळ पगाराएवढी असते. तुमच्या १४ वर्षांचा हिशेब ३७५ दिवसांचा होतो, म्हणजे साडेबारा महिन्यांचा मूळ पगार. मूळ पगार म्हणजे भत्ते सोडून, करारात लिहिलेला आकडा. आजच करार काढून तो बघा, कारण पुष्कळांना तो हाती येणाऱ्या पगाराच्या निम्माच असल्याचं शेवटच्या दिवशी कळतं. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांच्या आत सगळी देणी मिळायला हवीत. दुसरीकडे लागला नाहीत तर परतीचं तिकीटही कंपनीकडे.

दुसरं, महिन्याला पाच किंवा दहा दिरहमचा तो बेकारी विमा. २०२३ पासून तो सक्तीचा आहे, आणि सगळे दंड नको म्हणून भरतात नि विसरतात. सलग बारा महिने हप्ता भरलेला असेल आणि नोकरी तुम्ही स्वतः सोडलेली नसेल, तर मूळ पगाराच्या साठ टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. पण नोकरी संपल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो आणि तुम्ही त्या देशात असावं लागतं. म्हणून कंपनी जर म्हणाली की ‘तुम्हीच राजीनामा लिहून द्या, सर्टिफिकेट चांगलं देऊ’, तर सही करू नका. त्या एका सहीनं हा पैसा जातो.

आणि सर्टिफिकेटांचं बघा. भाऊ, इथं तुमच्यासारखे चांगले इन्स्पेक्टर फसतात. एनडीटीची, म्हणजे जोड न तोडता करायच्या तपासणीची लेव्हल टू तुमच्या नावावर असली तरी एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकन नियमावलीप्रमाणे दिलेली असेल तर ती कंपनीनं दिलेली असते, आणि कंपनी सुटली की तीही संपते. सीस्विप हे वेल्डिंग इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट तुमचं स्वतःचं, पण पाच वर्षांच्या मुदतीचं. नोटीस संपायच्या आत ट्रेनिंगचे तास, कोणत्या पद्धतीत किती महिने काम केलं, परीक्षेचे गुण आणि डोळ्यांच्या तपासणीचा कागद, हे सगळं क्वालिटी मॅनेजरच्या सहीशिक्क्यानं घ्या. तो माणूसही नोटिशीवर असेल तर या आठवड्यातच. नंतर ऑफिसला कुलूप लागलं की सही कुणाची घेणार?

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. वय लपवू नका. तिथं नोकरीचा प्रत्येक कागद पासपोर्टवरून होतो. ४३ म्हणून मुलाखत पार पडली तरी परमिट काढताना ५१ पुढं येणारच, आणि तेव्हा वयापेक्षा खोटेपणाचा डाग मोठा असेल. इन्स्पेक्टरचा धंदाच त्याच्या सहीवर चालतो. स्वतःच्या जन्मतारखेवर खोटी सही करणाऱ्याच्या रिपोर्टवर कोण विश्वास ठेवील? न सांगणं मात्र वेगळं. सीव्हीवर जन्मतारीख, फोटो, लग्न झालंय की नाही, शाळा कुठल्या साली सोडली, यातलं काही लिहायची गरज नाही. गेल्या दहा-बारा वर्षांचं काम वर आणि सविस्तर, त्याआधीचं चार ओळींत. विचारलं की मात्र सरळ सांगा. केसांचं तुम्हाला वाटेल तसं करा, त्यात खोटं काही नाही.

आणखी एक ओळ सीव्हीत अगदी वर घाला. तुम्ही खानापूरचे, म्हणजे मराठी घरात, कन्नड बाजारात. हिंदी, इंग्रजी आहेच, आणि इतकी वर्षं आखातात काढल्यावर मल्याळमही कानावर बसलं असेल. वेल्डरला त्याच्या भाषेत त्याची चूक समजावून सांगणारा इन्स्पेक्टर कुठल्याही शॉपमध्ये मोलाचा. आपल्या भागात भाषेवरून इतकं सोसलेलं असतं की चार भाषा येणं ही आपली कमाई आहे हेच आपण विसरतो.

मुलाखतीत ‘अंकल’ म्हणणाऱ्या त्या पोराचा राग येणं साहजिक आहे. पण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली बाई आहे, म्हणून सांगते, त्याच्या मनात तीन-चार भीती असतात. हा जास्त पगार मागेल. माझं ऐकणार नाही. आजारी पडेल, विमा महाग पडेल. त्या तो बोलून दाखवत नाही, म्हणून तुम्हीच आधी बोला. पगाराचा तुमचा आकडा तुम्हीच सांगा, ठरवून. तुमच्यापेक्षा लहान वरिष्ठाच्या हाताखाली तुम्ही आधी कुठं आणि कसं काम केलं, त्याचा एक खरा प्रसंग सांगा. विम्याचं म्हणाल तर २०२५ पासून शारजातही आरोग्य विमा सक्तीचा झालाय, आणि त्याचं मूळ पॅकेज ६४ वर्षांपर्यंत एकाच दराचं, वर्षाला ३२० दिरहम. तिशीतल्या माणसाला जेवढं, तेवढंच तुम्हाला. पुष्कळ मालकांना हे ठाऊक नसतं.

मुंबईच्या एजंटला नमस्कार करून सोडून द्या. परदेशी नोकरीसाठी परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसतो. दीड लाख मागणारा आणि वय खोटं लिहा म्हणणारा माणूस उद्या फोन उचलणार नाही. कॅनडाचंही तसंच. तिथल्या एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या स्थलांतर योजनेत विशीतल्यांना वयाचे पूर्ण गुण मिळतात, तिशीनंतर ते उतरत जातात आणि ४५ ला शून्य होतात. ऑस्ट्रेलियाचे गुणांवर मिळणारे कुशल कामगारांचे व्हिसा ४५ च्या आतल्यांनाच. जर्मनी ४५ च्या वरच्यांना घेते, पण पहिल्यांदा येणाऱ्याला बऱ्याच मोठ्या पगाराचा करार किंवा म्हातारपणाच्या तजविजीचा पुरावा मागते. तिथं वयाची अट सरकारच्या नियमातच आहे, म्हणून फी घेऊन ‘करून देतो’ म्हणणाऱ्या कुणाला एक रुपया देऊ नका.

परत यायचं का? माझं मत विचाराल तर एक तारीख ठरवा. विम्याचे तीन महिने आणि नोकरी संपल्यावर तिथं राहायला मिळणारी व्हिसाची सवलत जिथवर पोचते, त्याच्या आतली एखादी. तोवर जीव तोडून शोधा. त्या तारखेला हातात करार नसेल तर तिकीट काढा. ग्रॅच्युइटी तिथल्या बेडस्पेसच्या भाड्यात आणि व्हिजिट व्हिसाच्या फेऱ्यांत विरघळलेली मी पाहिली आहे. माझ्याकडे अर्ज घेऊन आलेले काही जण वर्षभर तसे राहून रिकाम्या हातानं परतले होते, आणि त्यांना सगळ्यात जास्त पश्चात्ताप त्या वर्षाचा होता.

इथं कोण घेणार, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पगार ऐकून तुम्ही गप्प व्हाल, ते आधीच सांगून ठेवते. पण काम आहे. बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा. हंगाम संपला की पुढच्या गाळपापर्यंत दुरुस्तीची कामं चालतात, बॉयलरचं वेल्डिंग आयबीआरच्या, म्हणजे भारतीय बॉयलर नियमावलीच्या नियमात बसवावं लागतं, आणि ते तपासायला जाणता माणूस लागतो. डिस्टिलऱ्यांच्या टाक्या आणि पाइपिंगचं काम वेगळंच. थर्ड पार्टी इन्स्पेक्शनवाले रोजावर माणसं घेतात. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गोवा एवढा टापू एका माणसाला मोटारसायकल आणि एसटीवर सांभाळता येतो. तुमचं घर त्याच्या मधोमध आहे. होनगा, काकती, मच्छे, पलीकडे शिनोळी, हलकर्णी, या सगळीकडे फॅब्रिकेशनची शॉपं आहेत. त्यांच्या गेटवर अर्ज देऊ नका. इथंही तांबडी पेन्सिल आहेच. उद्यमबागेतले तुमचे सात वर्षांचे सोबती आज फोरमन असतील, काहींनी स्वतःचे शेड टाकले असतील. त्यांची नावं त्याच वहीत लिहा.

पहिलं वर्षभर ग्रॅच्युइटीच्या पैशाला हात लावू नका. गावाला कळलं की आठवड्याभरात कुणीतरी जुना जेसीबी घेऊन येईल, कुणी हायवेलगतचा प्लॉट, कुणी हॉटेलातली भागीदारी. नाही म्हणायला जड जाईल. पोरांच्या फीचे आकडे कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद दाखवा.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल. उद्यमबागेतल्या त्या सात वर्षांत पीएफ कापला जात होता का? कापला असेल तर त्यात १९९५ च्या पेन्शन योजनेचीही सेवा धरलेली आहे. या योजनेत दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून जन्मभर पेन्शन मिळतं. तुम्ही कारखाना सोडताना पेन्शनचे पैसे काढून घेतले नसतील, तर ती सात वर्षं अजून तुमच्या नावावर आहेत, आणि इथल्या पीएफ कापणाऱ्या नोकरीत आणखी तीन वर्षं केलीत की दहा भरतात. पेन्शन मोठं नसेल. पण इथं कमी पगाराची नोकरी घ्यावी की नाही असा विचार कराल, तेव्हा हा आकडाही हिशेबात धरा. त्या काळी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा एकच क्रमांक नव्हता, म्हणून जुना पीएफ नंबर शोधावा लागेल. तो पगाराच्या स्लिपेवर असतो. स्लिपा तुमच्या घरात एखाद्या ट्रंकेत, लग्नाच्या फोटोंखाली असतील, आणि त्या कुठं आहेत हे वहिनींनाच ठाऊक असेल.

म्हणजे त्यांना फोन करावाच लागणार. एवढी वर्षं तुमच्यामागं दोन पोरं, घर आणि सासू-सासरे एकटीनं ओढलेली ती बाई आहे. नोटिशीची बातमी तिला पेलणार नाही असं तुम्ही धरून चाललाय, पण महिनाभर तुमचा आवाज ऐकून तिनं काहीतरी ओळखलेलं असेलच, आणि खरं काय ते माहीत नसल्यामुळं ती त्याहून वाईट कल्पना करत असेल. पोरं झोपली की फोन लावा. आधी नोटिशीचं सांगा, मग साडेबारा महिन्यांचा हिशेब सांगा, ठरवलेली तारीख सांगा, आणि मग स्लिपा शोधायला लावा. पीएफ नंबर मिळाला की मला कळवा, पुढं काय करायचं ते मी लिहीन.

— तुमची ताई